दारापाशी ठेवलेली पिशवी



माझ्या घरी नाताळ नसतो. आमच्याकडे ईद असते, शीरखुर्मा असतो. तरीही गेली तीसेक वर्षं चोवीस डिसेंबरची संध्याकाळ मी आणि माझी बायको आमच्या घरी काढलेली नाही. ती आम्ही काढतो वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात, माझ्या कॉलेजातल्या मित्राच्या घरी. केळीच्या बागा, विहीर, पुढे ओटा आणि ओट्याच्या वर टांगलेला कागदाचा तारा. माझी बायको घरून सांदणं करून नेते, तिकडून करंज्यांचा आणि कलकलांचा डबा भरून परत येतो. हा व्यवहार इतक्या वर्षांत एकदाही चुकलेला नाही.

वसईचा नाताळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथले कितीतरी लोक ख्रिस्ती झाले. पोर्तुगीज गेले, धर्म राहिला, आणि भाषा तर कधी गेलीच नव्हती. इथला मिस्सा मराठीत होतो, नाताळची गाणी मराठीत होतात, घरात सामवेदी बोली बोलली जाते. ‘नाताळ’ हा शब्द मात्र पोर्तुगीजांनी दिलेला. त्याचा अर्थ जन्माशी जोडलेला आहे. घरोघरी ख्रिस्तजन्माचा गोठा मांडतात. गवत, माती, कागदाचे डोंगर, गाय, गाढव, मेंढपाळ, मारिया आणि योसेफ. मधली गव्हाण तेवढी रिकामी ठेवतात. चोवीस तारखेच्या रात्री बाळ येशूची मूर्ती त्या गव्हाणीत ठेवली की नाताळ सुरू झाला. असा गोठा पहिल्यांदा उभा केला संत फ्रान्सिस असिसीकर यांनी, इटलीतल्या ग्रेचो या गावी, १२२३ साली. मी ज्या नाताळाविषयी आज बोलणार आहे तो २०२३ सालचा. म्हणजे त्या पहिल्या गोठ्याला बरोबर आठशे वर्षं झाली होती.

त्या वर्षी मित्राच्या घरातला गोठा एका साडेपाच वर्षांच्या मुलीसाठी मांडला गेला. ती त्या घरी येऊन अडीच महिने झाले होते. तिचं नाव मी सांगणार नाही. कायद्यानेही ते सांगता येत नाही, आणि ते बरंच आहे. आमच्या बाजूला लहान मुलीला प्रेमाने ‘बाय’ म्हणतात. आपणही तिला बाय म्हणू.

ही गोष्ट सुरू होते २०२० साली, एका पत्रापासून. मित्राचा फोन आला. म्हणाला, “शायर, एक काम आहे. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या लिहिण्याचा उपयोग होणार आहे.” त्याने आणि वहिनींनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, उत्पन्नाचे, लग्नाचे, प्रकृतीचे दाखले जोडायचे, मग समाजसेविका घरी येऊन सगळं पाहून अहवाल लिहिणार. त्या कागदांबरोबर ओळखीच्या माणसाचं शिफारसपत्र लागतं. ते मी लिहावं, असं त्याचं म्हणणं.

मी तीन कवितासंग्रह लिहिले, पण ते एक पान लिहिताना जितका अडलो तितका कधीच अडलो नाही. पहिल्या खर्ड्यात ‘सुस्वभावी’, ‘सुसंस्कृत’, ‘प्रेमळ’ असे शब्द होते. वाचून मलाच हसू आलं. असं पत्र तर कोणीही कोणालाही देईल. मग मी ते फाडलं आणि मला ठाऊक होतं तेवढंच लिहिलं. मित्राचे वडील शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्या तीन वर्षांत हा रोज पहाटे उठून त्यांना स्वच्छ करायचा, भरवायचा आणि मग कामावर जायचा. वडील चिडायचे, ताट ढकलून द्यायचे. मी अनेकदा समोर होतो. त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. वहिनी दुसरं ताट वाढून आणायच्या. एवढं लिहून मी खाली सही केली. मूल सांभाळायला आणखी काय लागतं, ते मला सुचलं नाही.

ते पत्र लिहायला मला जड गेलं त्याचं दुसरंही एक कारण होतं. श्रोतेहो, आम्हाला मूल नाही. १९९९ साली, लग्नाला सहा वर्षं झाल्यावर, मी आणि माझी बायको एका वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी समजावून सांगितलं, १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी आहे, बौद्ध, जैन, शिखांनाही तो लागू होतो. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांना १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली फक्त पालक होता येतं. म्हणजे मूल घरी आणता येईल, वाढवता येईल, पण कायद्याच्या लेखी ते तुमचं मूल नसेल. ते सज्ञान झालं की तुमचं पालकपणही संपलं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी धर्माची बाजू सांगितली. अनाथाला सांभाळणं हा आमच्याकडे फार मोठा सवाब आहे. पण त्याच्या जन्मदात्याचं नाव पुसून आपलं लावू नये, अशी शिकवण आहे.

पुढे कायदा बदलला. २००० साली बाल न्याय कायदा आला, २००६ साली त्यात दुरुस्ती झाली, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. ज्याला आपल्या धर्मकायद्याप्रमाणे राहायचं असेल त्याने तसं राहावं, सक्ती नाही. निकालाची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा माझं वय चव्वेचाळीस होतं. मी कात्रण कापून ठेवलं. बायकोला दाखवलं. तिने वाचलं आणि घडी घालून परत दिलं. आम्ही दोघं त्यावर बोललो नाही. तेव्हा आम्ही ठरवलं असतं तर जमलं असतं. आधी कायद्याची भिंत होती, वडीलधाऱ्यांची होती, हे खरं. पण त्या पडल्यावर कळलं की एक भिंत आमच्या आतही होती. दुसऱ्याचं मूल आपल्याला आपलं म्हणेल का, ही ती भीती. माझ्या मित्रालाही ती होती. त्याने भीतीसकट अर्ज भरला, एवढाच फरक.

अर्ज केला तेव्हा मित्र अठ्ठेचाळीसचा, वहिनी चव्वेचाळीसच्या. बेरीज ९२. ही बेरीज मी गमतीने करत नाही, नियमातच ती आहे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चार वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर जोडप्याच्या वयाची बेरीज ९० च्या आत हवी. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी ती १०० पर्यंत चालते. म्हणजे तान्हं बाळ त्यांना मिळणार नव्हतं. वहिनींना दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “बरं झालं, या वयात रात्रीची जागरणं कोण करणार!” पुढे जागरणं झालीच, ती वेगळ्या कारणाने.

तीन वर्षं वाट पाहण्यात गेली. लोकांना वाटतं, अनाथाश्रमं भरलेली आहेत, मग एवढा वेळ का? पण संस्थेत असलेलं प्रत्येक मूल दत्तक जाण्यासाठी मोकळं नसतं. अनेकांचे आईवडील किंवा नातेवाईक असतात. त्यामुळे २०२३ साली देशात तीस हजारांहून जास्त पालक रांगेत होते. आणि एका वर्षात, म्हणजे २०२४-२५ मध्ये, दत्तक गेलेली मुलं होती ४,५१५. रांगेतल्या बहुतेकांना लहानगं बाळ हवं असतं. पाच-सहा वर्षांची मुलं फोटोत उभी राहून वाट पाहतात.

तसाच एक फोटो एका दुपारी मित्राच्या फोनवर आला. बरोबर मुलीची माहिती आणि डॉक्टरांचा अहवाल. निर्णयाला अठ्ठेचाळीस तास असतात. त्यांनी एका तासात होकार दिला. मग संस्थेत जाऊन भेटणं, कागदपत्रं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाय वसईला आली. विदर्भातून. एक निळी पिशवी घेऊन. पिशवीत दोन फ्रॉक, एक स्वेटर, एक कंगवा आणि कान तुटलेला कापडी ससा.

ती बोलायची वऱ्हाडी. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’, ‘कुठी’. घरातली आजी, म्हणजे मित्राची आई, तिला मी मावशी म्हणतो, ती बोलणार सामवेदी. लाल लुगडं नेसणारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. दोघींची भाषा मराठीच, आणि दोघींना एकमेकींचं अक्षर कळेना. मावशी काही विचारायची, बाय “काय म्हनते हे?” म्हणून वहिनींकडे बघायची. मी मित्राला सुचवलं, एक वही घाल आणि तिचे शब्द लिहून ठेव. सहा महिन्यांत ते उडून जातील आणि मग मोठेपणी तिला आपल्या बालपणाचा आवाजही आठवणार नाही. त्याने वही घातली. ती अजून आहे.

बाय शहाण्यासारखी वागायची. फार शहाण्यासारखी. दिलेलं सगळं खायची, सांगितलं तिथे बसायची, रडायची नाही. वहिनींना ती ‘ताई’ म्हणायची, कारण संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायका ताईच होत्या. रात्री मात्र दोन-दोनदा उठून सगळे जागेवर आहेत का ते बघून यायची. उशीखाली बिस्किटं सापडायची. वहिनींनी ती काढली नाहीत. उलट एक छोटा डबा उशाशी ठेवला आणि सांगितलं, “हा तुझा. संपला की मी भरीन.” समाजसेविकेने सांगून ठेवलं होतं, घाई करू नका. शहाणं वागणारं मूल अजून पाहुणं असतं, ते हट्ट करायला लागलं की समजा घर लागलं.

डिसेंबर आला. आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लागली. मित्राने गोठा मांडायला घेतला आणि बाय पहिल्यांदा आपणहून जवळ जाऊन बसली. तिने गवत पसरलं, मेंढ्या ओळीने लावल्या. रिकामी गव्हाण पाहून विचारलं, “बाळ कवा येते?” मित्र म्हणाला, चोवीसच्या रात्री. तिचा पुढचा प्रश्न होता, “त्याले कोन आनते?”

मित्राने मला हे फोनवर सांगितलं. म्हणाला, “शायर, मी बायबल लहानपणापासून वाचतोय. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.”

आता त्या संध्याकाळचं सांगतो. २०२३ साली चोवीस डिसेंबरला रविवार होता, आगमनकाळाचा चौथा रविवार. चौथी मेणबत्ती त्याच सकाळी लागली होती. आम्ही सात वाजता पोहोचलो. बायकोच्या हातात सांदणांचा डबा, माझ्या हातात चमचमत्या कागदात बांधलेली भलीमोठी बाहुली. ओट्यावर बाय नवा लाल फ्रॉक घालून उभी होती. केसांना रिबीन, पायात पांढरे बूट. मी उत्साहात होतो. म्हटलं, “अरे वा, बाय! ये, चाचाबरोबर फोटो काढू.” आणि खिशातून मोबाइल काढला.

श्रोतेहो, त्यानंतर जे झालं ते मी विसरू शकलेलो नाही. माझ्या हातातला खोका आणि मोबाइल पाहिल्याबरोबर ती मुलगी ताठ उभी राहिली. पाय जुळवले. हात जोडले. आणि एका सुरात, न अडखळता, पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण म्हणायला लागली. आपण वेळात वेळ काढून आमच्याकडे आलात, आम्हाला खाऊ दिलात, आम्ही आपले आभारी आहोत, देव आपल्याला सुखी ठेवो. संपल्यावर तिने मान खाली घालून नमस्कार केला आणि खोका घेण्यासाठी दोन्ही हात पुढे केले.

ओट्यावर कोणी काही बोलेना. माझा मोबाइल हातातच राहिला.

ते भाषण मी आधी ऐकलेलं होतं. दुसऱ्या मुलांच्या तोंडून. कितीतरी वर्षं ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चार मित्र मिळून मुलांच्या एका संस्थेत जायचो. केक, फळं, वह्या घेऊन. मुलं रांगेत बसलेली असायची, गाणं म्हणायची, आभार मानायची. आम्ही फोटो काढायचो आणि संध्याकाळच्या आत घरी यायचो. एकदा तो फोटो स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला, तेही कात्रण माझ्याकडे आहे. आमचा हेतू वाईट नव्हता. पण आम्ही निघून गेल्यावर त्या मुलांच्या मनात काय उरत असेल, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. त्यांच्या दृष्टीने सण म्हणजे अनोळखी माणसं येणं आणि अनोळखी माणसं जाणं.

आम्ही आत गेलो. चहा झाला. मावशीने करंज्या पुढे केल्या. थोड्या वेळाने वहिनींच्या लक्षात आलं, बाय दिसत नाही. शोधलं तर ती दारापाशी बसली होती. शेजारी निळी पिशवी. पिशवीत तिचे जुने फ्रॉक, कंगवा, ससा आणि उशाशी ठेवलेला बिस्किटांचा डबा. बूट काढले नव्हते. वहिनी शेजारी बसल्या तेव्हा तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, “आता कोन्या घरी जाच हाय?”

मागाहून उलगडा झाला. संस्थेत नवा फ्रॉक आणि रिबीन म्हणजे कोणीतरी बघायला येणार. आणि पाहुण्यांबरोबर एखादं मूल कायमचं निघून जायचं. ती स्वतःही अशीच तर इथे आली होती. दोन महिने इथे राहणं झालं, आता नवा फ्रॉक घातला, पाहुणे आले, खोका आला. म्हणजे पुढचं घर. तिचा हिशेब चुकीचा नव्हता. आजवर तिच्या आयुष्यात हिशेब असाच होत आला होता.

मित्र समजवायला पुढे झाला, तर वहिनींनी त्याला हाताने थांबवलं. त्यांनी बायला काही पटवून दिलं नाही. त्या म्हणाल्या, “कुठेच जायचं नाही. चल, हा फ्रॉक टोचत असेल, घरातला घालू.” लाल फ्रॉक उतरवला, बूट काढले, रोजचा विटका फ्रॉक घातला. वहिनींनी स्वतःचीही नवी साडी बदलली. मग त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “आज आम्ही मिस्साला येत नाही.”

त्या घराने नाताळच्या रात्रीचा मिस्सा चुकवल्याचं मला आठवत नाही. मी मावशीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर सुरुवातीला मावशी या दत्तकाला फारशी राजी नव्हती. कोणाची, कुठली, असं तिने विचारलं होतं. शेजारच्यांनीही विचारलं होतं. मला वाटलं, आता ती काही बोलेल. मावशी काठी टेकत उठली, पायातल्या चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि खुर्चीत परत बसली. म्हणाली, “मिस्सा उद्या सकाळी पण असतो.”

गाव चर्चकडे निघालं. रस्त्यावरून हाका आल्या, मग पावलं, मग शांतता. आम्ही सहाजण घरात. ख्रिस्ती घरातला नाताळ आणि त्यात आम्ही दोघं मुसलमान. उशिरा चर्चची घंटा वाजली. मावशीने कपाटातून रुमालात गुंडाळलेली बाळ येशूची मूर्ती काढली. दरवर्षी ती स्वतः ठेवते. त्या वर्षी तिने ती बायच्या हातात दिली. बायने मूर्ती नीट उलटसुलट पाहिली. मग योसेफाकडे बोट दाखवून विचारलं, “हा याचा बाप काय?”

मित्र क्षणभर थांबला. मग म्हणाला, “हा त्याला सांभाळणारा बाप.”

ती विचार करत राहिली. मग बाळ गव्हाणीत ठेवलं, गवत वर ओढलं, आणि आपल्या डब्यातलं एक बिस्किट काढून बाळाच्या शेजारी ठेवलं. त्यानंतर तिने जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर आम्ही सगळ्यांनी एकदम दिलं. तिने विचारलं होतं, “उद्या बी असन काय हा?”

घरी परतताना माझ्या मनात पैगंबरसाहेब होते. त्यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच गेले होते, आई ते सहा वर्षांचे असताना गेली. आधी आजोबांनी आणि मग काका अबू तालिब यांनी त्यांना वाढवलं. हजरत ईसांना तर आम्हीही मानतो. कुराणात त्यांच्या आईच्या नावाचा एक अख्खा अध्याय आहे. मूल जन्माला घालणारे आणि मूल वाढवणारे हात नेहमी एकच असतात असं नाही, हे दोन्ही धर्मांना ठाऊक आहे. ते फक्त आपल्याला ठाऊक करून घ्यायचं असतं. जन्मदात्याचं नाव पुसू नये, ही आमची शिकवण मला एके काळी अडसर वाटली होती. आता मला तिचा अर्थ वेगळा लागतो. मुलाच्या मागचा धागा तोडू नये. मित्राने तिची फाइल जपून ठेवली आहे. ती अठरा वर्षांची झाली आणि तिला आपलं मूळ शोधावंसं वाटलं तर नियमाप्रमाणे तसा अर्ज करता येतो, आणि तेव्हा बरोबर जायची मित्राची तयारी आहे.

पंचवीस तारखेला सकाळी ते सगळे मिस्साला गेले. बाय विटक्या फ्रॉकमध्ये. सव्वीस तारखेला उठल्याबरोबर ती धावत गोठ्याकडे गेली आणि बाळ जागेवर आहे हे पाहून आली. सत्तावीसलाही. गोठा साधारणपणे तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठेवतात. त्या वर्षी तो फेब्रुवारी उलटेपर्यंत तसाच होता. गवत वाळून गेलं, गाढवाचा एक पाय मोडला, पण कोणी हात लावला नाही. निळी पिशवीही दारापाशी भरलेली राहिली. वहिनी रोज तिच्या भोवतीने केर काढायच्या. एके दिवशी, कुठलाही सण नसताना, बायने ससा काढून पलंगावर नेला. मग आठवडाभराने कंगवा. मग ‘भाजी नको’ म्हणून पहिल्यांदा ताट ढकललं. वहिनींनी मला फोन करून हे इतक्या आनंदाने सांगितलं, की मी पुढचं आधीच ओळखलं. त्या दुसरं ताट वाढून आल्या होत्या.

पुढे सगळं रीतसर झालं. आता दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. १ सप्टेंबर २०२२ पासून तसं आहे. तो आदेश आला, आईवडिलांच्या जागी या दोघांची नावं असलेला जन्मदाखला आला. समाजसेविका दर सहा महिन्यांनी येत राहिली, दोन वर्षं.

एक विनंती करतो. आपल्यापैकी अनेकजण वाढदिवसाला, सणाला मुलांच्या संस्थांमध्ये जातात. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण मुलांकडून गाणं म्हणवून घेऊ नका, आभार मागू नका, फोटो काढू नका. संस्थेला विचारा, वर्षभर काय लागतं. शिकवता येत असेल तर दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच वेळी जा. आणि पुढच्या आठवड्यातही जा. मी आता तसं करतो. शनिवारी दुपारी दोन तास, मराठीचं शुद्धलेखन. पहिले दोन महिने मुलांनी मला ‘सर’ म्हटलं आणि उभं राहून नमस्कार केला. आता मी आत शिरलो तरी कोणी मान वर करत नाही. मला ते आवडतं.

२०२४ च्या चोवीस डिसेंबरला आम्ही दोघं नेहमीसारखे सात वाजता पोहोचलो. सांदणांचा डबा होता, खोका नव्हता. ओट्यावर बाय नव्हती. आतून तिचा आवाज येत होता, आजीशी सामवेदीत भांडण चाललं होतं, करंज्या कोणत्या ताटात मांडायच्या यावरून. आम्हाला पाहून ती दारात आली. हात पिठाचे. नवा फ्रॉक, त्यावर आईचा जुना टॉवेल बांधलेला. म्हणाली, “चाचा, चपला तिकडे काढ. इथे आताच पुसलंय.”

मी चपला तिकडे काढल्या. न राहवून विचारलं, “बाय, फोटो काढायचा का?” तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आत वळता वळता म्हणाली,

“मंग काढू. मले काम हाय.”